हिंजवडीहून मालवणच्या समुद्रात

हिंजवडीला समुद्र नाही. म्हाळुंगेच्या अंगाने मुळा वाहते, तिचं पाणी पुलावरून बघायचं, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीत समुद्राखाली जाऊन आलेलं एखादं तरी कुटुंब सापडतं. आयटी पार्कात नोकरी करणारी तरुण जोडपी शनिवार-रविवार गाठून मालवणला जातात आणि सोमवारी मोबाइलवर फोटो फिरू लागतात: तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मास्क, भोवती पट्टेरी मासे. ते फोटो आमच्या मुलांनीही पाहिले आणि घरात मागणी सुरू झाली.

आम्ही म्हणजे दोन घरं, लहान-मोठी मिळून नऊ माणसं. सर्वांत मोठ्या अम्मी, वय बहात्तर, आणि सर्वांत लहान भाचा, वय सात. एवढ्यांना घेऊन निघायचं तर चार जणांशी मशवरा केल्याशिवाय भागत नाही. आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आधी पैशांचा आकडा सांगितला. कुठे स्वस्त पडतं, कुठे व्हिडिओ फुकट मिळतो, कुठे जेवण धरून किती. चौकशी करता करता आमच्या लक्षात आलं की पैशांचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. पहिला प्रश्न आहे 'कधी?', दुसरा 'कुठे?' आणि तिसरा 'कोणाबरोबर?' या क्रमाने विचार केला तर पुष्कळशा अडचणी घरबसल्याच सुटतात. सफरीला निघू पाहणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हा हिशेब इथे मांडत आहोत.

आधी तारीख

कोकणचा समुद्र वर्षातले काही महिने माणसाला आत घेत नाही. मेच्या शेवटी वारा फिरतो, लाटा वाढतात आणि मोसमी पाऊस येतो. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. पर्यटकांच्या बोटी आणि पाण्यातले खेळही साधारण मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद राहतात. सप्टेंबरात बोटी पुन्हा सुरू होतात, पण पाणी स्वच्छ व्हायला आणखी वेळ लागतो. पावसात नद्यांनी आणलेला गाळ किनाऱ्याजवळ तरंगत असतो. मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तिचं गढूळ पाणी निवळेपर्यंत पाण्याखाली गेलेल्या माणसाला हिरवट धुक्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत चांगले. मार्च-एप्रिलही चालतात. मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून गर्दी उसळते, पण समुद्राची सुट्टी संपत आलेली असते. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण दगावले. ही तारीख आम्ही घरात सगळ्यांना सांगितली. घाबरवायचं नव्हतं, पण सहल ठरवताना शाळेच्या कॅलेंडरच्या शेजारी समुद्राचंही कॅलेंडर लावायला हवं, हे मुलांना कळायला हवं होतं.

आपल्या घरांत आणखी एक हिशेब असतो, तो रमजानचा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. 2026 साली तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो, 2028 साली जानेवारीच्या अखेरीस येईल, आणि 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे पुढची काही वर्षं समुद्राचे उत्तम महिने आणि रोज्यांचा महिना एकमेकांत मिसळत जाणार. रोजा ठेवून पाण्याखाली जाण्याचा विचार आम्ही केलाच नाही. मसला काय आहे तो आलिमांना विचारावा, पण वैद्यकीय बाजूही साधी आहे. शरीरात पाणी कमी असेल तर डायव्हिंगचा धोका वाढतो. तेव्हा ज्यांना येत्या वर्षांत जायचं आहे त्यांनी रमजानच्या तारखा आधी लिहून घ्याव्यात आणि उरलेल्या दिवसांतून दिवस निवडावा.

भिंतीवरचं हिजरी कॅलेंडर

महिना ठरला, आता दिवस. इथे आम्हाला वर्गात शिकवलेला धडा कामी आला. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र दोघांची ओढ एकाच रेषेत येते. पाणी फार चढतं आणि फार उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, चढ-उतार कमी होतो. कोकणात त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते आणि तळाची रेती ढवळून निघते. भांगाच्या दिवसांत पाणी त्यामानाने शांत आणि नितळ असतं.

आता गंमत बघा. हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे आपल्या घरातलं कॅलेंडर हेच भरती-ओहोटीचं कॅलेंडर आहे. महिन्याची पहिली दोन-तीन तारीख आणि 14 ते 17 हे उधाणाचे दिवस. 7 ते 9 आणि 21 ते 24 हे भांगाचे. आमच्या थोरल्याने हे कागदावर मांडलं, मग बंदराच्या भरतीच्या वेळांशी ताडून पाहिलं. जुळलं. त्याचं वय सतरा. या सहलीची सगळी आखणी त्यानेच केली. डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात जमादिउल आखिरची बावीस तारीख येत होती. मोठ्या सुट्टीच्या एक दिवस आधीचा मंगळवार. गर्दीही कमी आणि पाणीही शांत. तारीख ठरली. रत्नागिरीकडच्या आमच्या एका नातेवाईकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या घरात मासेमारी पिढीजात. म्हणाले, "आमचे आजे चांद बघूनच जाळं टाकायचे, तुम्ही त्याला आत्ता शोध म्हणता होय?"

कुठे जावं?

यासाठी एक सोपी खूण आहे. नदीच्या मुखापासून जितकं दूर, तितकं पाणी नितळ. या खुणेने पाहिलं तर आपल्यासमोरची ठिकाणं आपोआप रांगेत उभी राहतात.

सर्वांत जवळचं मालवण-तारकर्ली. हिंजवडीपासून चारशे किलोमीटरच्या आसपास. किनाऱ्यालगत असल्यामुळे पाणी फार पारदर्शक नसतं, पण उथळ आहे, बोटीचा प्रवास काही मिनिटांचा आहे आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याला पाच-सात मीटर खोली पुरते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. 1987 साली इथलं 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'इस्दा' ही स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे खोल तलावात शिकवून मग समुद्रात नेतात. एकदा अनुभव घ्यायचा की रीतसर शिकायचं, हे आधी ठरवावं. शिकायचं असेल तर पुस्तकी भाग, तलावातला सराव आणि मग समुद्रात चार डायव्ह, असा काही दिवसांचा पाठ असतो. त्यातला पहिला भाग पुण्यातल्या तलावातही उरकता येतो.

त्यापुढे गोवा. तिथल्या ग्रांदे बेटाजवळ डायव्ह होतात. आणखी खाली कर्नाटकात मुरुडेश्वरच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे 19 किलोमीटर आत, नेत्राणी बेट आहे. आत असल्यामुळे तिथलं पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ. बोटीचा प्रवास लांब, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी विचार करावा. मुरुडेश्वरच्या जवळच भटकळ आहे, नवायतांचं गाव. त्यांची नवायती बोली कोकणीच्या घरातली, लिपी मात्र फारसी वळणाची. मशिदी जवळ, हलाल जेवणाची चिंता नाही. आमच्या पुढच्या सहलीसाठी ते नाव वहीत लिहून ठेवलं आहे.

मग येतं लक्षद्वीप. छत्तीस बेटं, त्यांतली दहा वस्तीची. केरळच्या किनाऱ्यापासून 220 ते 440 किलोमीटर दूर, एकही नदी नाही, म्हणून पाणी काचेसारखं. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473, त्यांतले शंभरात शहाण्णव मुसलमान. बहुतेक बेटांवर मलयाळमची बोली, दक्षिणेच्या मिनिकॉयवर महल भाषा. पूर्वापार दारूबंदीचा प्रदेश, त्यामुळे कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांना मोकळं वाटतं. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीला विमान घ्यावं लागतं आणि खर्चही मोठा. हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. तिथल्या प्रवाळांना समुद्र तापल्याचा मार बसलेला आहे. 1998, 2010 आणि 2016 साली पाणी जास्त गरम झालं आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. तेव्हा उन्हाळ्याच्या टोकाला जाण्यापेक्षा हिवाळ्यात जावं. अंदमानचा हंगामही साधारण नोव्हेंबर ते एप्रिल.

आणि ज्यांना मेचीच सुट्टी मिळते त्यांनी काय करावं? जगात सगळीकडे पावसाळा एकाच वेळी नसतो. पुदुच्चेरीला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, म्हणून तिथे फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पर्हेंतियन बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंद असतात आणि एप्रिल-मेमध्ये ऐन बहरात. ऐपत असेल तर उन्हाळ्यात तिकडे जावं. नसेल तर मेमध्ये कोकणात आंबे खावेत आणि डायव्ह डिसेंबरासाठी ठेवावा.

आम्ही मालवण निवडलं. अम्मींना गाडीतून नेता येईल, पहिल्यांदा उतरणाऱ्यांना झेपेल आणि नऊ माणसांचा खर्च पेलेल, असं तेच एक ठिकाण होतं.

फॉर्मवरचा एक प्रश्न

तिसरा प्रश्न, कोणाबरोबर. आम्ही तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी सांगितलं, "फॉर्म-बिर्म काही नाही, या आणि उतरा." तो फोन आम्ही तिथेच संपवला. दुसऱ्या दोघांनी वय विचारलं, पोहता येतं का विचारलं, आजार विचारले. त्यांतल्या एकाकडे बाईमाणूस प्रशिक्षक होती, म्हणून ते ठरवलं. चौकशी करताना पाच गोष्टी विचाराव्यात: प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे, एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती माणसं, बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का, सर्वांना लाइफ जॅकेट आहे का, आणि हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का. शेवटचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो जिवाचा आहे. पैसे बुडतील या भीतीने माणूस खराब समुद्रातही उतरतो.

मग फॉर्म आला. त्यात वय हवं. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात नेत नाहीत, म्हणून भाचा आपोआप बाद झाला आणि रडला. गरोदर स्त्री, हृदयविकार, फेफरं, कानाचं ऑपरेशन, असे प्रश्न एकामागे एक. आणि एक प्रश्न दम्याचा.

आमच्या थोरल्याला लहानपणापासून दमा आहे. आता त्रास कमी आहे, पण थंडीत इनहेलर जवळ लागतो. ज्याने चंद्राच्या तारखा मांडल्या, नकाशे काढले, त्याच्याच नावापुढे हा रकाना होता. बरोबरच्यांपैकी एक जण म्हणाले, "'नाही' लिहून टाका. वीस मिनिटांचा प्रश्न आहे. कोण बघतंय?" मुलगा काही बोलला नाही. आमच्याकडे बघत राहिला.

आम्ही त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती बाहेर पडते. श्वास रोखला, किंवा दम्यामुळे एखादी बारीक नळी आकसली आणि हवा आत अडकली, तर फुप्फुस फाटू शकतं. आणि हे उथळ पाण्यातही होतं, कारण दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच असतो. ते म्हणाले, दम्याच्या काही रुग्णांना सगळ्या तपासण्या करून परवानगी देतात, पण ज्याला थंडीत इनहेलर लागतो त्याला मी देणार नाही.

घरी येऊन मुलाने स्वतः तो रकाना भरला. 'होय'. शरीर अमानत आहे, हे आपण मुलांना तोंडाने पुष्कळ सांगतो. त्या संध्याकाळी त्याला ते लिहून द्यावं लागलं. जेवला नीट, पण लवकर झोपायला गेला.

समुद्रावरची सकाळ

सोमवारी फजर पढून निघालो. भूमकर चौकातली गर्दी जागी होण्याआधी महामार्ग गाठला तर अर्धी लढाई जिंकली. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, मग राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. मुसाफिर असल्याने वाटेत जोहर कसर पढली. मुक्कामी पोहोचलो तेव्हा असर झाली होती.

रात्री जेवणावर जुना वाद रंगला. आमच्या एका घराचा मसलक हनफी, दुसरं घर कोकणी, म्हणजे शाफई. ताटात सुरमई होती तोवर सगळे एकमत. कुर्ल्या आणि तिसऱ्या आल्या तेव्हा हनफींनी हात मागे घेतले आणि शाफईंनी पुढे केले. अम्मी म्हणाल्या, "बरंच झालं, त्यांना जास्त मिळालं."

मंगळवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून फजर ते जोहर हीच उतरण्याची खरी वेळ. समोर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. महाराजांच्या आरमारात दौलतखान हे एक प्रमुख होते आणि 1679 साली खांदेरीच्या लढाईत त्यांनी इंग्रजांना तोंड दिलं, हे बोटीत बसल्या बसल्या मुलांना सांगितलं. बोटीवरची तरुण पोरं मालवणचीच, मासेमाऱ्यांच्या घरातली. त्यांनी सर्वांना जॅकेटं घातली, भाच्यालाही, आणि पट्टे स्वतः ओढून पाहिले.

उतरण्याआधी खाणाखुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर न्या'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कान दुखले तर कानाकडे बोट. नाक दाबून हळू फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात. आणि सर्वांत मोठा नियम एकच: श्वास रोखायचा नाही. बोटीची कड धरून, तोंड पाण्यात घालून, नळीतून श्वास घेण्याचा सराव झाला. आमच्या धाकटीने, ती तेरा वर्षांची, पहिल्याच वेळी घाबरून डोकं वर काढलं. प्रशिक्षक बाईंनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा तिचा श्वास लागला.

पाच जण आळीपाळीने खाली गेलो. पाण्याखाली सर्वांत आधी जाणवतो तो आवाज: स्वतःचा श्वास, आत घेताना एक, सोडताना बुडबुड्यांचा दुसरा. मग नजर बसते. पाणी निळं नव्हतं, फिकट हिरवं होतं, चार-पाच मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. खडकावर गोल, पिवळसर प्रवाळ. काळ्या पट्ट्यांचे लहान मासे माणसाला न बुजता फिरत होते. एका कपारीत गोबरा तोंड उघडं ठेवून बसला होता, जणू दारात बसलेला म्हातारा. सूरह रहमानमध्ये मोती आणि मरजान यांचं नाव येतं. मरजानचा अर्थ पोवळं असा वर्गात कितीदा सांगितला असेल. ते जिवंत असतं आणि वर्षाला मोजक्या मिलिमीटरांनी वाढतं, हे ठाऊक असूनही हाताच्या अंतरावर पाहताना मन गप्प झालं. कशालाही हात लावू नका, हे प्रशिक्षकांनी बजावलं होतं. एक लाथ बसली तर पन्नास वर्षांची वाढ मोडते. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं कायद्याने गुन्हा आहेच.

थोरला बोटीच्या बाजूला जॅकेट घालून, नुसती काच लावून पाण्यावर पालथा तरंगत होता. डॉक्टरांनी तेवढ्याला हरकत घेतली नव्हती. पाणी नितळ होतं म्हणून त्याला वरून बहीण दिसली, तिचे बुडबुडे वर येताना दिसले. बोटीत चढल्यावर तो तिला म्हणाला, "तू गोबऱ्याच्या अगदी वरून गेलीस, तुला दिसला नाही." तिने कबूल केलं नाही. नंतर बोटवाल्याने त्याला विचारलं, "आजचा दिवस कोणी काढला? पाणी बरं मिळालं तुम्हाला." त्याने बावीस तारखेचा हिशेब सांगितला. बोटवाला म्हणाला, "भांग. बरोबर." बाकी काही बोलला नाही, पण मुलाचा चेहरा आम्ही पाहिला.

घाट चढण्याआधी

पुण्याकडच्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. पाण्याखाली दाबाने थोडा नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच माणूस उंचावर गेला तर, सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर येतात तसे, बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. म्हणून डायव्हनंतर विमानात बसायला एका डायव्हला किमान 12 तास आणि अनेक डायव्ह केले तर किमान 18 तास थांबायला सांगतात. विमान सर्वांना आठवतं, घाट कोणाला आठवत नाही. मालवण समुद्रसपाटीला, आंबोली सुमारे 690 मीटरवर, आणि फोंडा चढलो तरी घाटमाथाच. उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांच्या एका डायव्हला धोका फार थोडा, पण जे शिकायला जातात आणि दिवसात दोन-तीनदा उतरतात त्यांनी रविवारी दुपारी डायव्ह करून रात्री हिंजवडी गाठण्याचा बेत करू नये. डायव्ह पहिल्या दिवशी, किल्ला आणि बाजार दुसऱ्या दिवशी, घाट त्यानंतर. आम्ही बुधवारी अम्मींना किल्ला दाखवला आणि गुरुवारी निघालो.

बहिणींसाठी दोन शब्द

पडदा कसा सांभाळायचा, हा प्रश्न आम्हाला परतल्यावर अनेकींनी विचारला. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो, त्यावर सैल कुर्ता घालता येतो आणि डोक्याला घट्ट टोपी मिळते. फक्त मास्कच्या रबराखाली ओढणी, टोपीची कड किंवा केस येऊ देऊ नयेत, पाणी आत शिरतं. पाण्याखाली प्रशिक्षक हात किंवा सिलिंडरचा पट्टा धरून नेतात, म्हणून बाई प्रशिक्षक हवी असेल तर ठरवतानाच सांगावं. किनाऱ्यावर पोहोचून सांगितलं तर मिळेलच असं नाही. कपडे बदलायची बंद खोली आहे का, तेही विचारावं. भाईलोकांसाठी एवढंच: दाढीचा त्रास होत नाही, कारण मास्क नाकाखाली संपतो, पण वाढलेल्या मिशांतून पाणी शिरतं. मिशा बारीक ठेवण्याची सुन्नत इथे कामाला येते.

आणि हे सगळं करण्याआधी मुलांना पोहायला शिकवावं. पहिल्या अनुभवासाठी पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण ज्याला पाण्याची सवय आहे तो घाबरून श्वास रोखत नाही. आमच्या भाच्याची तीन वर्षं बाकी आहेत. त्याचं नाव एप्रिलपासून तलावावर घातलं आहे. दहा वर्षांचा होईल तेव्हा रमजान कोणत्या महिन्यात असेल आणि त्या वर्षी भांगाचे दिवस कुठे येतात, ते थोरल्याने त्याला वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं आहे.